चकलीला लेबल लावायचं ठरलं तेव्हा

प्रणाली शेडगेला बोलता येतं हे जगाला यंदाच्या ऑगस्टात कळलं, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही तेव्हाच. त्याआधी अकरावीच्या वर्गात हजेरीला तिचं "प्रेझेंट, मॅम" इतकं बारीक निघायचं की कधीकधी ती वर्गात बसून गैरहजर लागायची. मग शाळेच्या ग्राहक क्लबच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलणारी मुलगी आयत्या वेळी तापाने पडली, मनीषा मॅमनी समोर दिसेल त्या मुलीचा दंड धरून तिला मंचावर ढकललं, आणि ती मुलगी प्रणाली निघाली. सुरुवातीला ती नुसतीच माईककडे बघत उभी राहिली. नंतर तिला थांबवायला घंटा वाजवली. घंटा तिला ऐकू गेली नाही. शेवटी शिपायाला पाठवावं लागलं.

तेव्हापासून ती थांबलीच नव्हती. घरात भाकरी मागतानासुद्धा "माझा पहिला मुद्दा असा की" अशी सुरुवात व्हायची. तिचे वडील, नायब सुभेदार हणमंत शेडगे, ज्यांच्यासमोर जवान श्वाससुद्धा परवानगीने घेतात, ते दुसऱ्या मुद्द्यापर्यंत टिकायचे आणि मग ताट उचलून गच्चीत जायचे.

स्पर्धेतला विषय होता जीएम अन्नावर लेबल. म्हणजे असं, की काही पिकांच्या बियाण्यात प्रयोगशाळेत फेरफार करतात, जनुकं इकडची तिकडे घालतात. आपल्याकडे कापूस बहुतेक त्याच जातीचा. आता कापूस काही कुणी खात नाही, पण कापसाची सरकी गाळून तेल निघतं, आणि ते तेल शेवेत, फरसाणात, कुठे कुठे जातं. ते वाईट की चांगलं यावर मोठमोठी माणसं अजून भांडतायत. प्रणालीचं म्हणणं एवढंच, की तुमचं भांडण चालू द्या, पण मी काय खाते ते मला कळू द्या. "नियम काग़ज़ पर है, पैकेट पर नहीं," असं मनीषा मॅम म्हणायच्या, आणि हे वाक्य प्रणालीला इतकं आवडलं की तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली स्वतःची सही केली.

क्लबने अभियान सुरू केलं. प्रत्येकाने एक दुकानदार गाठायचा आणि त्याच्याकडून दुकानात पाटी लावून घ्यायची: आमच्याकडे तळण अमुक तेलात होतं. प्रणालीने साधं दुकान निवडलं नाही. ती गेली थेट चारदीवारीत, म्हणजे जयपूरच्या तटाआतल्या जुन्या शहरात, जोहरी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या नमकीनवाल्याकडे, ज्याच्या कढईभोवती दिवसभर गर्दी असते.

"भैया, ग्राहक के नाते मेरा पहला सवाल," ती म्हणाली, "ये तेल किसका है?"

"मेरा है," नमकीनवाला म्हणाला.

"मतलब, किस चीज़ का?"

"बेटा, तेल तो तेल है. कचौरी लोगी?"

तिने जीएमचा सगळा विषय सांगितला. त्याने सगळा ऐकला, झारा न थांबवता. मग म्हणाला, "पहले अपने घर का तेल पूछ के आओ. फिर मेरा पूछना." आणि मागची गर्दी हसली. प्रणाली एक कचोरी खाऊन परत आली. ती कचोरी चांगली होती हे तिच्या अपमानात भर घालणारं होतं.

पण बोलणं खरं होतं, आणि प्रणाली खऱ्या बोलण्याची कदर करणारी मुलगी होती, म्हणजे ई-रिक्षात बसून अर्धा रस्ता रागावल्यानंतर. घरी आल्या आल्या ती स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्याखालचा तेलाचा डबा ओढून त्याच्या मागचा बारीक मजकूर वाचायला लागली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. डबा सरकीच्या तेलाचा होता.

"आई! आपण हे खातो?"

सुलोचना, म्हणजे प्रणालीची आई, चकलीची भाजणी भाजत होती. "व्हय. का? संपलं का?"

"सरकी आहे, आई! जीएम असणार!"

"आगं, चकली खुसखुशीत हुतीया त्येच्यात. मरतंय का कोण?"

"मरायचा प्रश्न नाही. कळायचा प्रश्न आहे. तुझ्या चकलीवर लेबल पाहिजे."

सुलोचनेने भाजणीतली उलथणी वर काढली. "लेबल? माझ्या चकलीला? तिच्या अंगावर काटं हायत, त्येच तिचं लेबल. बघून वळखायची कुणाची हाय ती."

सातारच्या माणसाशी वाद घालायचा तर त्याच्यापेक्षा जोरात बोलावं लागतं, आणि प्रणाली नुकतीच जोरात बोलायला शिकली होती. शेवटी आई म्हणाली, "लाव जा काय लावायचं त्ये. मला सोऱ्या धुवून दे आधी." प्रणालीने हे संमती म्हणून घेतलं.

इथवर सगळं एका घरापुरतं होतं, आणि एका घरापुरतं राहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच रविवारी महाराष्ट्र मंडळाची सभा होती.

मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. शेडगे मंडळी गेल्या वर्षी पावसाळ्यात बदलीवर जयपूरला आली. लष्करी क्वार्टर मिळेना, म्हणून मुरलीपुऱ्यात भाड्याने राहिली. पहिले काही महिने सुलोचना दिवसभर कुणाशी मराठी बोलायची तर ती भाजीशी. मग दिवाळी आली, मंडळाचा फराळ मेळावा आला, प्रत्येक घराने आपापला डबा आणला, आणि सुलोचनेच्या चकल्या ज्या डब्यात होत्या त्याच्याभोवती बायका गोळा झाल्या. त्या गोळा झालेल्या बायका मग उठल्याच नाहीत. इंदुबाई, पंडितकाकू, मीराबाई. रोज संध्याकाळी खाली रस्त्यावरून हाक यायची, "सुलोचना, चाल वं!" आणि सुलोचना चपला घालून बागेत फिरायला जायची ती हसून हसून दमून परत यायची. ज्या मेळाव्याने तिला माणसं दिली, तोच मेळावा आता पुन्हा तोंडावर आला होता. आणि सभेत उठून उभी राहिली होती प्रणाली.

"माझा पहिला मुद्दा असा," ती म्हणाली.

ठराव साधा होता: मेळाव्यात येणाऱ्या प्रत्येक डब्यावर लेबल असावं. मंडळाचे सचिव पंडितकाका ठराव म्हटलं की लहान मुलाला फुगा दिसावा तसे खुलतात. त्यांनी तो स्वतः मांडला, स्वतःच अनुमोदन दिलं, आणि "नव्या पिढीचं हे ग्राहकभान" यावर एक छोटं भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा यायचा होता, आणि टाळ्या वाजवल्याशिवाय तो येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इंदुबाईंनी प्रणालीच्या गालाला हात लावून कडाकडा बोटं मोडली. इंदुबाई अकोल्याकडच्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्डसाहेबांच्या बायको, मंडळातल्या सगळ्या बायकांच्या बिनपगारी सेनापती. "मोठी हुशार पोट्टी हाय बाप्पा!"

त्याच संध्याकाळी प्रणालीने लेबलाचा नमुना बनवून मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. इथे तिचा उत्साह जरा वाहवला. 'पदार्थ' आणि 'तेल कशाचं' एवढं पुरेसं होतं. पण ते दोन रकाने कागदावर फार पोरके दिसत होते. मग तिने बिस्किटाचा पुडा उलटा केला आणि त्याच्यामागे होतं ते सगळं उतरवून काढलं. पीक जीएम आहे, नाही, माहीत नाही. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: निर्माता व निर्मितीचं ठिकाण.

ज्या गटावर सकाळी सहाला सुप्रभातच्या फुलांचा ढीग पडतो, तिथे दुसऱ्या दिवशी एक पाकळीसुद्धा पडली नाही.

मग सल्ले सुरू झाले. ते प्रणालीकडे आले नाहीत. सुलोचनेकडे आले, एकेक करून, वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने.

"मी काय म्हणते," मीराबाई म्हणाल्या, "डिंकानं मुंग्या लागतात डब्याला. आमच्या भुसावळला एकदा पूर्ण करंजीचा डबा गेला."

"स्टिकर आहेत, मावशी, डिंक नाही," प्रणाली आतून ओरडली.

"स्टिकरला जास्तच लागतात."

पंडितकाकूंचं म्हणणं पडलं की लेबल मराठीत लावलं तर इथल्या पाहुण्यांना कळणार नाही, हिंदीत लावलं तर मंडळाच्या अस्मितेचं काय, आणि दोन्हीत लावलं तर चकली दिसणार नाही. इंदुबाई स्वतः आल्या तेव्हा पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. "लेबल लावलेल्या फराळाचा निवद देवाले चालत नाही," त्या म्हणाल्या.

"असं कुठे लिहिलंय, काकू?"

"लिहून कायले लागते? देवाले वाचता येते का?"

प्रणालीने हेही वहीत टिपून घेतलं.

पंडितकाकांचं तर काय झालं कुणास ठाऊक. नमुना गटावर आल्यावर पंडितकाकूंनी त्यांना काहीतरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी उपसमिती नेमली. उपसमितीत ते एकटेच होते. त्यांचा शेरा आला: 'जीएम आहे अथवा नाही' या रकान्यासाठी अधिकृत पुरावा जोडावा; पुराव्याअभावी लेबल ग्राह्य धरता येणार नाही.

"मग आणू पुरावा!" प्रणाली म्हणाली.

हणमंतरावांना ही मोहीम एकदम पसंत पडली, कारण तिच्यात ऐकायचं कमी आणि स्कूटर चालवायचं जास्त होतं. शनिवारी बापलेक तेलाची बाटली घेऊन निघाले ते शहर ओलांडून सीतापुऱ्याला, तिथल्या एका खाजगी प्रयोगशाळेत. प्रणालीने बाटली मांडीवर अशी धरली होती की जणू आत कुणाचं तरी रक्त आहे. वाटेत एका गतिरोधकावर झाकण उडालं आणि तिच्या शाळेच्या गणवेशावर राजस्थानच्या नकाशाएवढा डाग पडला. उरलेलं तेल घेऊन ते काउंटरपर्यंत पोहोचले.

काउंटरवरच्या माणसाने बाटलीकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं, मग चष्मा काढला. "ये रिफाइंड है?"

"जी."

"तो मुश्किल है, मैडम. रिफाइंड में वो चीज़ बचती ही नहीं जिसे हम ढूँढते हैं. बीज लाइए. बीज का टेस्ट हो जाएगा."

"पर बीज तो इसमें से निकल गया है!"

"वही तो," तो सहानुभूतीने म्हणाला.

हणमंतराव बाहेर आले. "म्हंजी बघ," ते स्कूटरला किक मारत म्हणाले, "गुन्हेगार हाय, पन बोटाचं ठसं पुसून गेलाय. आमच्यात याला हुशार मानत्यात."

उपसमितीने पुराव्याअभावी लेबलाचा प्रश्न पुढे ढकलला. पण बायकांना पुढे ढकलणं पुरेसं नव्हतं. ठराव तर झाला होता. पंडितकाका ठराव मागे घेत नाहीत, त्यांच्या मते तो घटनेचा भंग होतो. तेव्हा कुजबुज सुरू झाली की यंदा मेळाव्याला फराळ नको, नुसता चहा ठेवू. मग कुजबुज झाली की चहालाही यायला सगळ्यांना जमणार नाही.

प्रणालीला हे सगळं अगदीच अनाकलनीय होतं. तेलासाठी इतका राग? तिने वहीत कारणं मांडली. अज्ञान. परंपरा. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा दबाव. शेवटचं कारण इंदुबाईंना लागू पडतं का याबद्दल तिला शंका होती, पण खोडवेना.

मग एका संध्याकाळी ती क्लासवरून लवकर आली. आई गच्चीच्या कठड्याशी उभी होती. केस विंचरलेले, पायात चपला. खालून रस्त्यावरून इंदुबाई, मीराबाई, पंडितकाकू तिघी चालल्या होत्या, बागेच्या दिशेने, जरा पलीकडच्या कडेने. कुणी वर पाहिलं नाही. सुलोचना त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली, मग आत आली, चपला काढल्या आणि कपाटाखाली नीट सरकवून ठेवल्या.

"आज नाही गेलीस?" प्रणालीने विचारलं.

"पाय दुखत्याती," आई म्हणाली, आणि उभ्याने कणीक तिंबायला लागली.

प्रणालीला त्या रात्री जेवताना एकही मुद्दा सुचला नाही. हणमंतराव काळजीत पडले. ताट घेऊन गच्चीत जायचं कारणच उरलं नव्हतं.

मेळाव्याला दोन दिवस राहिले तेव्हा तिने मनाशी ठरवलं. मंडळाचं अभियान तर बुडालंच होतं, निदान शाळेचं तरी वाचवावं, नमकीनवाल्याला पुन्हा एकदा विचारून पाहावं, आणि मग तिथून थेट पंडितकाकांकडे जाऊन ठराव मागे घ्यावा, घटनेचं जे व्हायचं ते होवो. आईला माणसं परत मिळाली पाहिजेत. एवढंच. लेबलांचा गठ्ठा दप्तरात होता, तोही काकांच्याच हातात द्यायचा होता.

चारदीवारीत दिवाळीची गर्दी म्हणजे माणूस चालत नाही, वाहतो. प्रणाली वाहत वाहत त्या गल्लीत पोहोचली, नमकीनवाल्याच्या कट्ट्याला धरून स्वतःला थांबवलं, आणि तिथे, काउंटरवर, तिला एक स्टीलचा डबा दिसला. मोठा, उभा, कडीचा. त्याच्यावर टोचून नाव घातलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं: सौ. इंदुबाई यांस, चि. मंगेशच्या मुंजीप्रीत्यर्थ.

नमकीनवाला त्या डब्यात चकल्या भरत होता. एकावर एक, सुबक, अलगद, घरच्यासारख्या.

डब्याच्या मागे पदराने अर्धं तोंड झाकून इंदुबाई उभ्या होत्या.

दोघींची नजरानजर झाली. गल्लीत शंभर लोक ओरडत होते, पण प्रणालीला वाटलं सगळं थांबलंय.

"काकू," ती म्हणाली.

"मी... पाहुण्यायसाठी," इंदुबाई म्हणाल्या.

"तभी मैं कहूँ, आज छोटी मैडम भी," नमकीनवाला खुशीत म्हणाला. "महाराष्ट्रवाली सब मैडम लोग हर दिवाली यहीं से ले जाती हैं. डब्बा अपना लाती हैं. स्पेशल साँचा रखा है मैंने इनके लिए. वो देखो, अंदर भी बैठी हैं."

आत, पिंपांच्या आड, बाकावर मीराबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी पंडितकाकू. दोघींच्या मांडीवर डबे. त्या एकमेकींकडे बघत नव्हत्या. बहुधा दोघीही आपण एकटीच येतो अशा समजुतीने आल्या होत्या आणि आत्ताच, या बाकावर, भेटल्या होत्या.

आणि तेव्हा प्रणालीच्या डोक्यात शेवटचा रकाना उजळला. निर्माता व निर्मितीचं ठिकाण. तिला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण गर्दीत तेवढी जागा नव्हती. हा राग तेलाचा नव्हताच! ती बिस्किटाच्या पुड्यावरून एक ओळ उतरवून काढते काय, आणि सगळ्या मंडळाच्या स्वयंपाकघराची कडी काढते काय!

आता बोलावं तर काय बोलावं. ऑगस्टपासून पहिल्यांदाच तिने बोलायच्या आधी विचार केला.

"काकू," ती म्हणाली, "बरं झालं भेटलात. लेबलात माझी चूक झाली होती. तो शेवटचा रकाना आहे ना, तो कारखान्यांसाठी असतो. घरच्या फराळाला लागू नाही. चुकून पडला." आणि तिने दप्तरातून गठ्ठा काढून कट्ट्यावर ठेवला आणि एकेका लेबलाची खालची पट्टी टराटरा फाडायला घेतली.

इंदुबाई बघत राहिल्या. पदर खाली आला. "चूक होते बाप्पा," त्या सावकाश म्हणाल्या. "लहान हायस." मग आवाज खाली आणून, "माह्या चकल्या तेलात इरघळतात वं. लग्न झालं तवापासून. सासूनं पाह्यलं आन् चार माणसात हसली. त्याच्यानंतर पुन्हा नाही केल्या."

"मग ते तुम्ही सांगायलाच हवं असं थोडंच आहे," प्रणाली म्हणाली. "डबा तुमच्याकडूनच येतो ना? नाव तर त्याच्यावर टोचलेलंच आहे."

आतून मीराबाईंचा मोठा सुस्कारा ऐकू आला. पंडितकाकूंनी मांडीवरचा डबा सैल धरला.

"पण काकू, वरचा रकाना राहणार," प्रणाली म्हणाली. कारण चूक ती चूक आणि मुद्दा तो मुद्दा. "तेल कशाचं ते लिहावं लागेल. प्रत्येकीला. ठराव आहे."

"लिहू की. त्यात काय." इंदुबाई एकदम पूर्वीच्या इंदुबाई झाल्या, खांदे मागे, हनुवटी वर. वळल्या. "ओ भैया! ये तेल किसका है?"

"तेल तो तेल है, माताजी."

गार्डसाहेब नोकरीत असताना त्यांच्या हिरव्या झेंडीशिवाय गाडी हलत नसे. घरात ती झेंडी इंदुबाईंकडे होती असं म्हणतात. ते प्रणालीला त्या दिवशी पटलं.

"माताजी किसको बोलता है? हम इतने बरस से तुम्हारा चकली अपने नाम से खिलाता है! सारे जयपुर को! और तुम हमको तेल नहीं बताता?"

हे वाक्य गल्लीभर गेलं. पण बोलून झाल्यावर काय बोललो याची काळजी करायच्या पलीकडे इंदुबाई गेल्या होत्या. मीराबाई आणि पंडितकाकू डबे घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या.

"लेबल पर लिखना है," पंडितकाकू म्हणाल्या. "हमारे मंडल का ठराव है."

"नहीं बताना तो डब्बा खाली करो," मीराबाई म्हणाल्या, आणि आपला डबा उलटा करायला घेतला. मागच्या रांगेतली एक जयपूरची बाई म्हणाली, "बात तो सही है, भैया, बता दो." तिच्या मागच्याने विचारलं, काय झालं. त्याच्या मागच्याला कुणीतरी सांगितलं की तेलात काहीतरी सापडलंय.

हे मात्र नमकीनवाल्याच्या जिवावर बेतलं. "कुछ नहीं सापड़ा!" तो घाबरून अर्ध्या मराठीत ओरडला. आत पळाला, तेलाचा पत्र्याचा डबा उचलून काउंटरवर आदळला. "देख लो! बिनौला! आधा बिनौला, आधा पाम! बस?" बिनौला म्हणजे सरकी.

"यही लिख के लगाओ," इंदुबाई म्हणाल्या.

त्याने मिठाईच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्याच्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कढईच्या वर खिळ्याला टांगलं. प्रणालीने फोटो काढून मनीषा मॅमना पाठवला. नमकीनवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "छोटी मैडम," तो हात जोडून म्हणाला, "अगली बार अकेली आना."

परतताना ई-रिक्षात चौघी बसल्या, डबे पायाशी. मग मीराबाईंना हसू फुटलं, मग पंडितकाकूंना, आणि इंदुबाई हसता हसता इतक्या कलल्या की रिक्षावाल्याने बैलेन्स रखो म्हणून ताकीद दिली.

घरी प्रणालीने आईला सगळं सांगितलं, आवाज खाली ठेवून. सुलोचना ऐकत राहिली. तिला एकाही गोष्टीचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"गेल्या दिवाळीलाच. तिघींच्या डब्यातल्या चकल्या एकाच साच्यातनं पडल्याल्या. काटं सारखं, येढं सारखं. मी बघितलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"कशापायी बोलू?" सुलोचना म्हणाली. "लई दिवसांनी मानसं मिळाली व्हती."

रविवारी मेळावा झाला. फराळासकट झाला. प्रत्येक डब्यावर लेबल होतं, खालची पट्टी फाडलेलं, आणि बहुतेकांवर एकच मजकूर होता: सरकी व पाम. सुलोचनेच्या डब्यावर प्रणालीने आईच्या सांगण्यावरून लिहिलं होतं: सरकीचं. जीएम असंल. आमाला ठावं हाय त्ये लिवलंय. लोक थांबून वाचत होते. काही जण वाचून विचारात पडले आणि फक्त लाडू घेऊन पुढे गेले. एक आजोबा तर तेल न लागलेलं काही आहे का म्हणून सगळं टेबल फिरले. बाकीच्यांनी वाचलं, मान डोलावली आणि चकली उचलली. प्रणालीला दोन्ही तऱ्हेची माणसं सारखीच आवडली. कळून घेतली, कळून ठेवली, हेच तर तिला हवं होतं. पंडितकाकांनी ठराव यशस्वी झाल्याचा ठराव मांडला.

बायका कोपऱ्यात गोल करून बसल्या होत्या. इंदुबाईंनी आपल्या शेजारची सतरंजी थापटली. "सुलोचना, ये वं इकडं. हे सांग, भाजणीत उडीद डाळ जास्त झाली का चकली इरघळते का? आन् मोहन किती?" सगळ्यांसमोर, मोठ्याने. सुलोचना जाऊन बसली. हातांनी दाखवायला लागली, मूठ एवढी, चिमूट एवढी, आणि कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळा गोल एकदम हसला.

हॉल रिकामा होत आला. हणमंतराव दारात स्कूटरची किल्ली फिरवत उभे होते. प्रणालीने रिकामे डबे गोळा केले, पिशवीत भरले आणि आईजवळ जाऊन म्हणाली, "निघायचं?"

सुलोचनेने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तू जा पप्पांसंगं," ती म्हणाली. "मला येळ हाय."

प्रणालीने पिशवी खांद्याला लावली आणि गेली.